फाट्यावर एक पाटी लावा : ठाणे जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, ठाणे

विषय : मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या गावरस्त्यांवरून सायकल भटकंतीचे मार्ग आखून त्यांवर पाट्या लावण्याबाबत

महोदय, महोदया,

सायकलचे नाव काढले की आपल्याकडे लगेच ट्रॅकची भाषा सुरू होते. रस्त्याच्या कडेला रंग फासायचा, त्यावर सायकलचे चित्र काढायचे, उद्घाटनाला टी-शर्ट आणि टोप्या वाटायच्या. आठवड्याभरात त्या पट्ट्यावर रिक्षा, पाणीपुरीची गाडी आणि कोणाची तरी नवी एसयूव्ही उभी राहते. या पत्रात तसले काही मागितलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपण पुढे वाचाल. मला एक मीटरही नवा रस्ता नको आहे. जे रस्ते जिल्ह्यात वर्षानुवर्षे आहेत, त्यांच्या फाट्यांवर पाट्या हव्या आहेत. आणि ते रस्ते आहेत तेवढेच अरुंद राहायला हवे आहेत. दुसरी मागणी पहिल्यापेक्षा अवघड आहे, याची कल्पना आहे.

ठाणेकर सायकलवाल्याचा डोंगर म्हणजे येऊर. उजाडायच्या आधीपासून त्या चढावर दिव्यांची रांग लागते. पण येऊरचा रस्ता वर जाऊन संपतो, आल्या वाटेने उतरायचे आणि पुन्हा गाड्यांच्या गर्दीत शिरायचे. घोडबंदर रस्त्याविषयी तर न बोललेले बरे. खरा मुलूख आहे तो कल्याणच्या पलीकडे. उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांची खोरी, त्यांच्या मधल्या बुटक्या टेकड्या, आणि पूर्वेला आडवी उभी सह्याद्रीची भिंत : सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड, नाणेघाटाचा नानाचा अंगठा, माळशेज, पार वर आजोबाचा डोंगर. भिंत चढून गेले की पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाकाठी उघडे पठार लागते. पावसाळ्यात तिथे ढग रस्त्यावर उतरतात, दिवाळीनंतर गवत पिवळे पडते आणि वाऱ्याला अडवायला एक झाड नसते. एवढे सगळे लोकलच्या शेवटच्या स्टेशनांपासून एका दिवसाच्या सायकलीवर आहे. देशातल्या दुसऱ्या कुठल्या महानगराच्या इतक्या जवळ असे काही असेल, असे मला वाटत नाही.

या मुलखात जायचे कसे, तर सध्या दोनच प्रकार. एक म्हणजे महामार्ग. नाशिकच्या दिशेला भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर, मुरबाडच्या दिशेला खडीचे डंपर. दुसरा प्रकार म्हणजे ज्याला वाट माहीत आहे अशा कोणाच्या तरी मागे जाणे. मोबाइलवरचा नकाशा कामाला येत नाही, कारण तो मोटारीच्या डोक्याने विचार करतो आणि दहा मिनिटे वाचवायला तुम्हाला पुन्हा महामार्गावर नेऊन घालतो. डोंगराच्या पायथ्याला तर रेंजच नसते.

आता रस्त्यांच्या उतरंडीकडे येतो, कारण ती आपल्या अखत्यारीतली गोष्ट आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग. कार्यालयात ज्यांना ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’ म्हणतात ते शेवटचे दोन प्रकार जिल्हा परिषदेकडे असतात. सायकलवाल्यासाठी ही उतरंड बरोबर उलटी आहे. केशरी माथ्याचा किलोमीटरचा दगड दिसला, म्हणजे आपण ग्रामीण रस्त्याला लागलो, की छातीवरचा दगड उतरतो. पावणेचार मीटरचा डांबरी पट्टा, तासाला दोन दुचाक्या, एखादी एसटी, कडेला साग आणि पळस. मोटारवाला ज्याला ‘वाईट रस्ता’ म्हणतो, त्यातले निम्मे रस्ते सायकलला उत्तम असतात.

उदाहरणादाखल तीन वाटा सांगतो. बदलापूरहून मुळगावच्या खंडोबाला डावलून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाडला निघणारा रस्ता. एमआयडीसीच्या या धरणाच्या पाण्याभोवतीची झाडी अजून दाट आहे. चढ आहेत, पण एकही असा नाही की उतरून सायकल ढकलावी लागेल. दुसरी वाट आसनगाव-शहापूरहून शेणवे, किन्हवली करत सरळगावला येणारी. भातसेच्या खोऱ्यातून काळूच्या खोऱ्यात आपण कधी आलो हे कळतही नाही, फक्त भातखाचरांचा उतार दुसरीकडे वळलेला दिसतो. सरळगावहून टोकावडे, वैशाखरे करत माळशेजच्या पायथ्याशी जाता येते. तिथे मात्र महामार्गाला पर्याय नाही.

तिसरी वाट माझी सगळ्यात आवडती. कसाऱ्याला लोकलमधून उतरायचे आणि विहीगावचा रस्ता धरून खोडाळ्याकडे निघायचे. पुढे सूर्यमाळचे पठार आहे, मोखाडा आहे, ज्याच्या पायांत बळ असेल त्याला जव्हारपर्यंत रान मोकळे आहे. हा रस्ता सारखा वर-खाली करतो. दरीत उतरून ओढ्यावरची मोरी ओलांडायची, पुन्हा चढायचे, चढून गेले की उघडा सडा, दूरवर दुसरा सडा, आणि दोन्हींच्या मध्ये पुन्हा दरी. घाट एकदा चढला की संपतो. हा मुलूख संपत नाही. पायांना तो घाटापेक्षा जास्त छळतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाले आणि खोडाळा पालघरला गेला, तसाच माळशेजचा माथा पुणे जिल्ह्यात आहे. त्यामुळे शेजारच्या दोन जिल्ह्यांशी बोलावे लागेल. रस्त्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही, पण पाट्यांच्या निविदेला कळते.

आता फाट्यांविषयी. या सगळ्या वाटांवरची खरी अडचण चढ नाही, ऊन नाही, फाटे आहेत. दोन सारख्याच रुंदीचे, सारखेच डांबर गेलेले रस्ते दोन बाजूंना जातात आणि मधोमध एक भलामोठा फ्लेक्स उभा असतो. कोणाचा वाढदिवस आहे ते कळते, शुभेच्छुकांची नावे फोटोंसह कळतात, गाव कुठल्या बाजूला ते मात्र कळत नाही. कधी पाटी असते, पण ती झाडीत गेलेली, किंवा कोणीतरी वाकवून तिसऱ्याच दिशेला केलेली. शेतात माणूस असला तर विचारता येते. दुपारी बारा वाजता माणूस नसतो.

मला हवी असलेली पाटी साधी आहे. सायकलचे चित्र, मार्गाचा क्रमांक, बाण, पुढच्या गावाचे नाव आणि अंतर, पुढे चढ असेल तर किती मीटरचा, आणि पिण्याचे पाणी कुठे. देवनागरीत, आणि सायकल चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला. महामार्गावर लावतात तसल्या कमानी नकोत.

हे परदेशी खूळ वाटेल, म्हणून परदेशातलेच एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवनपासून पूर्व किनाऱ्यावरच्या संडरलंडपर्यंत ‘सी टू सी’ नावाचा सायकलमार्ग १९९४ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे २२५ किलोमीटर. तो लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून जातो, मग पेनाइन पर्वतरांगेतल्या उघड्या माळांवर चढतो. तिथे मैलोन्‌मैल गवत, खुरटी झुडपे, मेंढ्या आणि वारा. मग पुन्हा दऱ्यांत उतरतो. त्याचा सगळ्यात उंच भाग समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे माळशेजच्या माथ्यापेक्षा कमीच. निघताना मागचे चाक आयरिश समुद्रात भिजवायचे आणि पोहोचल्यावर पुढचे चाक उत्तर समुद्रात, असा तिथला रिवाज आहे.

यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की हा मार्ग बहुतांशी जुन्याच रस्त्यांचा आहे. गावांना जोडणारे अरुंद रस्ते, बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून झालेल्या वाटा आणि थोड्या कच्च्या पायवाटा. सस्ट्रान्स नावाच्या धर्मादाय संस्थेने त्या एकमेकींना जोडल्या आणि फाट्याफाट्यावर छोट्या निळ्या पाट्या लावल्या. एके काळी शिशाच्या खाणींवर जगणारी आणि खाणी बंद पडल्यावर ओस पडत चाललेली गावे त्या वाटेवर आहेत. आज तिथे सायकलवाले जेवतात, मुक्काम करतात, ओले मोजे वाळवतात. आपल्याकडे बंद रेल्वे नाही, पण अरुंद रस्ते हवे तेवढे आहेत.

आणि परदेशाचीही गरज नाही. वैशाखऱ्याजवळून वर चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळात कल्याण बंदराला जुन्नरशी जोडत होता. वर लेणी आहेत, त्यांत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. चढून आलेल्याला सावली आणि पाणी हवे, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. मी त्यापेक्षा जास्त काही मागत नाही. जकात द्यायचीही तयारी आहे.

आता अवघड मागणी. एखादा मार्ग लोकांना आवडू लागला की आपल्याकडे त्याचे पहिले बक्षीस म्हणजे रुंदीकरण. झाडे जातात, काँक्रीट येते, काँक्रीटमागून रिसॉर्ट येतात, रिसॉर्टमागून शनिवार-रविवारच्या गाड्या. मग तिथे सायकल चालवायला कोणी जात नाही, आणि फाइलवर शेरा पडतो की सायकल पर्यटनाला प्रतिसाद नाही. म्हणून विनंती अशी की जे रस्ते सायकलमार्ग म्हणून जाहीर होतील, त्यांची रुंदी तीच ठेवावी आणि त्यांवरून खाणींच्या डंपरांना वाट काढून देऊ नये. खड्डे जरूर बुजवावेत. जिथे काँक्रीट झालेच आहे तिथे साइडपट्ट्या भराव्यात. काँक्रीटची कड आणि शेजारची माती यांत वीतभर फरक असतो. मागून ट्रकने हॉर्न दिला की दुचाकीवाला आणि सायकलवाला दोघेही त्या कडेवरून खाली जातात, आणि चाक कडेला घासत पुन्हा वर चढवायला गेला की माणूस रस्त्यावर आडवा. मुरमाच्या चार ट्रॉल्यांनी हे सुटते. तीच गोष्ट रंबलरची. उताराच्या शेवटी एकामागोमाग टाकलेल्या त्या जाड पट्ट्या मोटारीला गुदगुल्या करतात आणि सायकलवाल्याचे दात हलवतात. दोन्ही कडांना हातभर जागा मोकळी सोडली तरी पुरे.

साइडपट्टीचा लाभ शहरातून येणाऱ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा गावातल्यांना जास्त होईल, हेही लक्षात घ्यावे. या रस्त्यांवर रोज सायकल चालवतात ती माणसे वेगळी आहेत : दुधाच्या किटल्या अडकवलेला म्हातारा, कारखान्यातल्या पाळीला निघालेला मजूर, गणवेशातली मुलगी. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. सायकल देणारे सरकार तिच्या चाकाखालच्या कडेकडे बघत नसेल, तर त्या योजनेचा निम्मा उपयोग वाया जातो.

माळशेजविषयी वेगळे लिहायला हवे. तिथे पर्यायी रस्ता नसल्यामुळे सायकलवाला, एसटी आणि जुन्नर-ओतूरकडून कल्याणच्या बाजाराला येणारे भाजीचे टेम्पो एकाच डांबरावर असतात. घाटाच्या दोन्ही टोकांना आणि बोगद्याच्या आधी ‘घाटात सायकलस्वार असतात’ एवढी सूचना आणि वळणांवर साचलेली बारीक खडी पावसाळ्यानंतर एकदा झाडून काढणे, एवढे पुरेल. चढताना खडी त्रास देत नाही. उतरताना ती वळणावरच भेटते.

दर पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतो. त्याला माझा विरोध नाही. धबधब्याखाली बाटल्या घेऊन बसणाऱ्यांनी जे केले आहे ते सगळ्यांनी पाहिले आहे, आणि दरड काही माणूस बघून कोसळत नाही. पण आदेशाची भाषा अशी असावी की रस्त्याने सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला नाक्यावर थांबवून परत पाठवले जाऊ नये. जून ते सप्टेंबर हाच तर इथे सायकल चालवायचा खरा काळ, नंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून तापलेला कातळ कोणालाच सोडत नाही. त्यात वाऱ्याचा एक खोडसाळपणा आहे. पहाटे आपण पूर्वेला निघतो तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा तोंडावर, आणि दुपारी पश्चिमेला परतताना समुद्रावरून येणारा खारा वाराही तोंडावरच. याबाबत समितीकडून काही अपेक्षा नाही.

पाण्याबाबत मात्र आहे. शहापूर तालुका तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला पाठवतो आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातो. तानसा धरण तर १८९२ पासून मुंबईला पाजते आहे. अशा गावात शहरातून आलेल्या माणसाने ऐटीत बाटली पुढे करणे मला शोभत नाही. म्हणून पाण्याची सोय करायची तर ती आधी गावासाठी व्हावी. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात बारमाही नळ असेल, तिथेच सायकलवाल्यासाठी पाटी लावावी. जेवणाचेही तसेच. फूड प्लाझा नको. वाटेवरच्या एखाद्या बचत गटाला तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा आधी निरोप दिल्यास मिळेल असे कळवता येईल, त्यांचे दर पाटीवर लिहिता येतील, आणि सायकलवाल्यांना घासाघीस न करण्याची तंबीही तिथेच देता येईल. ठाकर, कातकरी, महादेव कोळी लोकांच्या वस्त्यांतून हे रस्ते जातात. त्यांच्या दारात कॅमेरा घेऊन उभे राहू नका, असेही लिहिले तर माझी हरकत नाही. मार्ग ठरवण्याआधी त्या ग्रामसभांना विचारावे. एखाद्या गावाने नको म्हटले तर मार्ग दुसरीकडून न्यावा.

वनखात्यालाही सोबत घ्यावे लागेल. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात जीपीएसचा पट्टा असलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सव्वाशेएक किलोमीटर चालत थेट आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला होता. कोणाला त्रास न देता, महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि खाडी ओलांडून. २०११ मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेत तो गेला. आम्ही ज्या मुलखातून सायकली न्यायच्या म्हणतो, त्यातून ज्यांची वहिवाट आमच्याआधीची आहे ते असे आहेत. त्यामुळे जंगलातल्या पट्ट्यांवर सूर्यास्तानंतर सायकलबंदी घातली, तर ती योग्यच होईल.

रेल्वे आपल्या हातात नाही, पण रेल्वेला पत्र लिहिणे आपल्या हातात आहे. कसारा, आसनगाव, टिटवाळा, बदलापूर ही या सगळ्या मार्गांची प्रवेशद्वारे. ठाण्याहून तिथवर महामार्गाने सायकल मारत जाणे म्हणजे जेवायच्या आधीच भूक मारणे. रविवारी पहाटेच्या ठरावीक लोकलमध्ये मालडब्यात सायकल नेण्यास शुल्क घेऊन लेखी परवानगी असावी, एवढेच. आज कोणी हरकत घेत नाही, उद्या कोणी घेतो, असा कारभार नको. भाजीवाल्या आणि मासळीवाल्या मावशींच्या टोपल्यांना आधी जागा, हे वेगळे सांगायला नको.

समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये भिवंडीजवळ आमणेपर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. त्यावर सायकलला बंदी आहे. अटल सेतूवरही आहे. असू दे, तिथे सायकलचे काम नाही. पण सहा पदरांचा हिशेब ज्या तत्परतेने होतो, त्यातली थोडी तत्परता इजिमा आणि ग्रामाच्या वाट्याला यावी. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणारे बीआरएमचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या राइडचे, सायकलपटू आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. ते महामार्गावरही जातील, त्यांना वेळ गाठायची असते. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. ज्याला शनिवारी निघून वाटेत कोणाच्या तरी ओसरीवर झोपायचे आहे आणि रविवारी दुसऱ्या खोऱ्यातून घरी यायचे आहे, त्याच्यासाठी आहे.

सुरुवातीला एकच मार्ग घ्यावा. माझी शिफारस शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड-बारवी-बदलापूर. दोन्ही टोकांना लोकल, मध्ये मोठा घाट नाही, आणि सगळा मार्ग ठाणे जिल्ह्यातच असल्यामुळे कोणाशी हद्दीचा वाद नाही. एक पावसाळा आणि एक हिवाळा बघावे, मगच कसारा-खोडाळ्याकडे वळावे.

या मार्गावरच्या फाट्यांची यादी, कोणत्या फाट्यावर पाटी नाही, कुठे आहे पण झाडीत गेली आहे आणि कुठे साइडपट्टी खचली आहे याच्या टिपणांसह, आमच्या ओळखीच्या सायकलवाल्यांनी तयार ठेवली आहे. फोटोही आहेत. ती जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात द्यायची की नियोजन कार्यालयात, आणि कोणत्या वारी यायचे, तेवढे कळवावे.

आपला,
नौपाड्यातला एक सायकलस्वार
ठाणे